कोण कोणाला देतं? गुरूवरचे वारे आणि भोवरे: प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. जळगाव

कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय ठरला. मॅडमनी तीन विषय पुढं ठेवले होते, दोन प्रयोगशाळेतले आणि एक आकाशातला. आम्ही आकाशातला उचलला. गुरू ग्रहावर पट्ट्यापट्ट्यांनी पूर्वेला आणि पश्चिमेला वारे वाहतात आणि त्या पट्ट्यांच्या मधे हजारो भोवरे फिरत असतात. त्यांच्यात ऊर्जेची देवघेव कोणत्या दिशेनं होते? वारा भोवऱ्यांना पोसतो, की भोवरे वाऱ्याला?

मी लगेच म्हटलं, वारा भोवऱ्यांना. तापीच्या पुलाखाली बघा ना, प्रवाह खांबाला धडकतो, भोवरे सुटतात, त्यांचे आणखी बारीक भोवरे होतात आणि शेवटी सगळं विरून जातं. मोठ्याचं लहान होतं. मॅडम हसल्या. "तेच तुम्हाला मोजायचंय," एवढंच बोलल्या. त्या हसण्यावरून उत्तर उलटं असणार हे कळलं. पण कळणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

शब्दांचा घोळ आधीच मिटवून ठेवते. मराठीत 'वादळ' म्हटलं की सगळंच त्यात येतं. आमच्याकडं मात्र उन्हाळ्यात शेतात गरगरते ती वावटळ आणि जूनच्या तोंडावर येऊन केळीचा बाग आडवा करतं ते वावधन. गुरूवरही दोन गोष्टी वेगळ्या आहेत: आडव्या पातळीत फिरणारे भोवरे आणि खालून वर उसळणारे गडगडाटी ढग. या नोंदीत 'भोवरा' म्हणजे पहिलं, 'गडगडाट' म्हणजे दुसरं. 'वादळ' हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलंय. बघू किती टिकतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हबल दुर्बिणीतून २०१४ पासून दरवर्षी बाहेरच्या मोठ्या ग्रहांचे नकाशे काढतात आणि ते सगळ्यांसाठी खुले असतात. गुरूचे लागोपाठ दोन फेऱ्यांचे दोन नकाशे मिळतात. आम्ही जून २०१९ ची जोडी घेतली.

गुरूची एक फेरी ९ तास ५५ मिनिटं ३० सेकंदांची, म्हणजे ३५,७३० सेकंद. पहिल्या नकाशात दिसलेला ढग दुसऱ्या नकाशात किती सरकला ते मोजायचं, वेळेनं भागायचं, की वेग हातात. आमच्या नकाशात एक पिक्सेल म्हणजे ०.१ अंश. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किमी, त्यामुळं विषुववृत्तावर एक अंश सुमारे १,२४८ किमी आणि एक पिक्सेल १२५ किमी. तेवढं अंतर ३५,७३० सेकंदांत, म्हणजे ३.५ मी/से.

या आकड्यावर दोघंही जरा वेळ गप्प बसलो. विषुववृत्ताजवळचा वारा १०० मी/से च्या घरात, तो ढगाला २८-२९ पिक्सेल सरकवतो. ते शाळकरी पोरही मोजेल. पण आम्हाला हवं आहे ते भोवऱ्यांमुळं होणारं उत्तर-दक्षिण सरकणं, आणि ते काही मी/से चं. म्हणजे एक-दोन पिक्सेल. प्रकल्पातला जोडीदार म्हणाला, "पिक्सेलच्या आत घुसावं लागेल भो."

७ डिसेंबर, शनिवार. चोपडा तालुका, घरी

आज गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. संध्याकाळी पूर्वेला रोहिणीजवळ इतका ठळक, की आईनंही विचारलं हा कोण. कॉलेजची छोटी दुर्बीण मागून आणली होती, ती केळीच्या बांधावर लावली. दोन काळे पट्टे आणि चार चंद्र दिसले, एवढंच. तांबडा डाग, म्हणजे गुरूवरचा सर्वांत मोठा भोवरा, दिसला असं भाऊ म्हणतो. मला नाही वाटत.

आप्पांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि त्यांच्या पद्धतीनं मुद्द्यावर आले: "तठे ऊन पोचस का?"

पोचतं, पण आपल्यापेक्षा सत्तावीस पट कमी. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब, त्याचा वर्ग सत्तावीस.

"मंग वारा कसा चालस?"

प्रकल्पाची प्रस्तावना लिहायला मला चार पानं लागली होती. आप्पांचा प्रश्न चार शब्दांचा.

योगायोग म्हणजे २९ वर्षांपूर्वी याच तारखेला, ७ डिसेंबर १९९५ ला, गॅलिलिओ यानातून सोडलेला शोधक गुरूच्या वातावरणात उतरला होता. ढगांच्या खाली, जिथं सूर्यप्रकाश जवळजवळ पोचतच नाही, तिथं वारा मंदावेल असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. झालं उलटं. खाली जाताना वारा वाढून १७० मी/से च्या आसपास गेला आणि शोधक २० बारच्या (एक बार म्हणजे साधारण पृथ्वीवरच्या हवेचा दाब) खाली पोचेपर्यंत तसाच राहिला. ऊन नसलं तरी वारा आहे. गुरू सूर्याकडून जेवढी उष्णता शोषून घेतो त्याहून बरीच जास्त बाहेर टाकतो, जन्माच्या वेळी साठलेली उष्णता अजून संपलेली नाही. आप्पांना म्हटलं, चूल आतून पेटलेली आहे. "मंग ठीक," म्हणाले. पण चुलीतल्या उष्णतेचा पूर्व-पश्चिम वारा कसा होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण मला सांगता आलं नसतं.

रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडी वाढली की केळीची पानं पिवळी पडतात, म्हणून आप्पा रात्रीच पाणी सोडायला गेले. दुर्बीण आवरली.

१५ डिसेंबर, रविवार

हातानं मोजायला सुरुवात केली. दोन नकाशे एकाखाली एक, ढग ओळखायचा, क्लिक करायचं, दुसऱ्यात तोच शोधायचा, क्लिक. तीन तासांत डोळे गेले. आणि एक खोट लक्षात आली, ती सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यावर अडलं.

गोल ठिपका असेल तर तो कुठं गेला हे नक्की सांगता येतं. पण बरेच ढग लांबट, तिरके असतात, झाडूनं अंगणात ओढलेल्या रेघेसारखे. तिरकी रेघ सरकली तर ती स्वतःच्या लांबीला आडवी किती सरकली हे कळतं, स्वतःच्या लांबीच्या दिशेनं किती सरकली हे कळत नाही. तिथं जी चूक होते ती रेघेच्या दिशेतच होते. रेघ ईशान्येकडं झुकलेली असेल, तर पूर्वेकडं जास्त मोजलं की उत्तरेकडंही आपोआप जास्त मोजलं जातं. म्हणजे पूर्व वेग आणि उत्तर वेग यांच्यात संबंध नसला तरी मोजणीतून तयार होतो. आणि आम्हाला शोधायचा आहे तो नेमका हाच संबंध!

हे भांडण जुनं आहे, हे नंतर वाचनात आलं. १९७९ साली दोन्ही व्हॉयेजर यानं गुरूजवळून गेली. त्यांच्या चित्रांवरून अँड्र्यू इंगरसोल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलं की भोवरे वाऱ्याला ऊर्जा देतात, आणि भरपूर देतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटानं आक्षेप घेतला: तुम्ही डोळ्यांना ठळक दिसणारे ढग निवडले, सगळीकडून सारखे नाही निवडले, निवडीतूनच हा निष्कर्ष येत असेल. याच विद्यापीठातल्या संजय लिमये यांनी १९८६ मध्ये ढगांच्या सरकण्यावरून गुरूच्या सरासरी वाऱ्याचा आलेख नव्यानं काढला. हे नाव वाचून जोडीदाराला जो आनंद झाला, तो मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही.

ठरलं. हाताची मोजणी बंद. संगणकाला समान चौकटी आखून द्यायच्या आणि त्यानं प्रत्येक चौकटीतला नमुना दुसऱ्या नकाशात शोधायचा. कोणता ढग आवडला, कोणता नाही, हा प्रश्नच उरू नये.

२१ डिसेंबर

प्रोग्राम चालला. मग लाईट गेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

२९ डिसेंबर, रविवार

आज पहिला निकाल. आधी काय मोजलं ते मांडते.

एका अक्षांशावरच्या सगळ्या चौकटींचा सरासरी पूर्व वेग काढला. तो झाला 'वारा'. प्रत्येक चौकटीचा वेग त्या सरासरीपेक्षा जेवढा जास्त-कमी, तो 'भोवऱ्यांचा' हिस्सा. पूर्वेकडचा जास्तीचा वेग पू′, उत्तरेकडचा उ′. दोघांचा गुणाकार करून त्या अक्षांशावरची सरासरी घेतली. ती शून्य नसेल तर भोवरे पूर्वेकडचा संवेग उत्तरेला किंवा दक्षिणेला वाहून नेत आहेत.

आता वारा उत्तरेकडं जाताना वाढतोय (धन) की घटतोय (ऋण), म्हणजे त्याचा उतार, ते बघायचं. समजा उत्तरेला पूर्ववाहू झोत आहे आणि दक्षिणेला पश्चिमवाहू. मधल्या पट्टीत उत्तरेला निघालेले ढग सोबत पूर्वेचा जादा वेग घेऊन जात असतील आणि दक्षिणेला निघालेले पश्चिमेचा, तर पूर्वेचा झोत आणखी पूर्वेला आणि पश्चिमेचा आणखी पश्चिमेला जाईल. ज्याच्याकडं आहे त्यालाच आणखी. साधं घर्षण याच्या बरोबर उलट वागतं, जास्तवाल्याकडून घेऊन कमीवाल्याला देतं. म्हणून या प्रकाराला ऋण श्यानता म्हणतात. हवेचा चिकटपणा जणू उलटा.

थोडक्यात, पू′उ′ ची सरासरी आणि वाऱ्याचा उत्तरेकडचा उतार यांचं चिन्ह एकच असेल तर भोवरे देतात आणि वारा घेतो. चिन्हं विरुद्ध असतील तर वारा देतो आणि भोवरे घेतात.

आमच्या आलेखात चिन्हं विरुद्ध आली, आणि तीही बहुतेक सगळ्या अक्षांशांवर.

म्हणजे माझं पहिल्या दिवशीचं तापीच्या पुलाखालचं उत्तर खरं आणि चाळीस वर्षांचं वाङ्मय खोटं! जोडीदार खुर्चीतून उठून उभाच राहिला. "आपण छापून आणू भो." कॅन्टीनला शेवभाजी खाल्ली, पैसे त्यानं दिले. मी मॅडमना रात्री आलेख पाठवला. उत्तर आलं: "छान. आता तो चुकीचा आहे असं समजून चूक शोधा."

२ जानेवारी २०२५, गुरुवार

चूक सापडली. लाज वाटावी इतकी साधी आहे, तरी लिहिते.

तांबड्या डागाभोवतीचे वेग बाणांनी काढून पाहिले. हा डाग २२ अंश दक्षिणेला, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो हे व्हॉयेजरच्या आधीपासून ठाऊक आहे. उत्तर कडेला बाण पश्चिमेकडं, दक्षिण कडेला पूर्वेकडं: ठीक. पश्चिम कडेला बाण दक्षिणेकडं हवे होते, ते उत्तरेकडं. पूर्व कडेला उत्तरेकडं हवे होते, ते दक्षिणेकडं. असा भोवरा असूच शकत नाही. दोन कोपऱ्यांत बाण एकमेकांवर डोकी आपटत होते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून पळ काढत होते.

चित्रातल्या ओळी वरून खाली मोजतात. पहिली ओळ उत्तर ध्रुवाजवळची, शेवटची दक्षिण ध्रुवाजवळची. आम्ही ओळीतलं सरकणं तसंच 'उत्तर वेग' म्हणून घेतलं. म्हणजे दक्षिणेकडं गेलेला ढग आमच्या हिशेबात उत्तरेला गेला. वाऱ्याचा उतार काढताना मात्र अक्षांश नीट दक्षिणेकडून उत्तरेकडं घेतले होते. अर्धं उलटं, अर्धं सुलटं.

गंमत अशी, की आम्ही पूर्व-पश्चिमेची चूकही केली होती. गुरूचे रेखांश रूढीप्रमाणे पश्चिमेकडं वाढत जातात, हे सुरुवातीला माहीतच नव्हतं. पण ती चूक झाकली गेली असती: पूर्व-पश्चिम उलटवली तर पू′ उलटतो आणि वाऱ्याचा उतारही उलटतो, गुणाकार जसाच्या तसा. ती आम्ही पहिल्याच आठवड्यात पकडली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. जी निकाल बदलत नव्हती ती सापडली, जी बदलत होती ती तीन आठवडे वहीत बसून होती.

शेवभाजीचे अर्धे पैसे जोडीदाराला परत केले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

चिन्ह सुधारलं. आता पू′उ′ आणि वाऱ्याचा उतार बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला. भोवरे देतात.

पण आता माझाच विश्वास उडालाय. एक वजाचं चिन्ह इकडचं तिकडं झालं की अख्खा ग्रह उलटा चालतो, तर या निकालाला धरायचं कशाच्या बळावर? म्हणून दोन तपासण्या.

पहिली, गोंगाटाची. पू′ आणि उ′ दोन्हींचा पसारा सात मी/से धरला, तर एका चौकटीच्या गुणाकारातली अनिश्चितता एकोणपन्नासच्या आसपास. शोधायचा संबंध तीन-चारचा. चौकटींची संख्या वाढवत गेलं की अनिश्चितता वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ती एकवर आणायची तर सुमारे २,४०० स्वतंत्र चौकटी लागतात. एका अक्षांशावर तेवढ्या आमच्याकडं नाहीत. पन्नास अंश उत्तर ते पन्नास अंश दक्षिण सगळं एकत्र केलं तरच काही बोलता येतं. म्हणून 'अमुक पट्ट्यात भोवरे देतात, तमुक पट्ट्यात घेतात' असं एकही वाक्य अहवालात लिहायचं नाही. लिहायचा मोह होतो, आलेख तसा दिसतोही.

दुसरी तपासणी जोडीदाराच्या डोक्यातून निघाली आणि ती मला फार आवडली. प्रत्येक अक्षांशावरचे पू′ तसेच ठेवायचे आणि उ′ पत्त्यांसारखे पिसून कुठल्याही पू′ शी जोडायचे. संबंध खरा असेल तर पिसल्यावर तो जायला हवा. शंभर वेळा पिसलं, शंभर वेळा सरासरी शून्याच्या अवतीभोवती. न पिसलेली मात्र बाजूला उभी. हा गोंगाट नाही.

तिरक्या रेघांची खोट मात्र पिसण्यानं सुटत नाही, कारण तीही पिसल्यावर जाते. तिच्यासाठी ज्या चौकटीत नमुना एकाच दिशेनं ताणलेला आहे ती वगळली. संबंध उतरला, पण मेला नाही. किती उतरला हे वगळण्याची रेषा कुठं आखता त्यावर आहे, आणि ती रेषा आम्हीच आखली. हे अहवालात ठळक लिहायचं.

तांबडा डागही वगळला. तो एकटा इतका मोठा, की त्याच्या अक्षांशावरची सरासरी त्याचीच होऊन बसते. जोडीदाराचं मत वेगळं होतं, सर्वांत मोठा भोवराच काढून टाकायचा तर मग उरलं काय? त्यावर बराच वाद झाला. शेवटी दोन्ही आकडे देणार.

तिळगूळ घरून आला. लॅपटॉपच्या कळांत तीळ.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून लॅबमध्ये. लहानाकडून मोठ्याकडं ऊर्जा जातेच कशी, हे डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून संगणकावर पातळ थराचा प्रवाह तयार केला: २५६ गुणिले २५६ ठिपके, त्यात अंदाधुंद बारीक भोवरे सोडले आणि रात्रभर चालू ठेवलं.

नदीचं पाणी तिन्ही दिशांना हलतं, तिथं भोवरा उभा ताणला जाऊन बारीक होतो. पातळ थरात उभं ताणायला जागाच नाही. सारख्या दिशेनं फिरणारे दोन भोवरे जवळ आले की एकमेकांत मिसळतात, मोठा होतो, मग आणखी मोठा. हे वाचलेलं होतं. पण हे असंच चालू राहिलं तर शेवटी एकच राक्षसी भोवरा उरायला हवा, पट्टे कुठून येतात?

पट्टे येतात ते ग्रह गोल आहे आणि फिरतो आहे म्हणून. ध्रुवाकडं जाताना ग्रहाच्या फिरण्याचा परिणाम बदलत जातो. भोवरा एका ठरावीक मापाचा झाला की उत्तर-दक्षिण वाढणं त्याला जड जातं, पूर्व-पश्चिम पसरणं सोपं. हे माप १९७५ मध्ये पीटर राईन्स यांनी दाखवलं: वाऱ्याचा वेग भागिले फिरण्याच्या बदलाचा दर, त्याचं वर्गमूळ. गुरूसाठी ४० मी/से आणि २२ अंश अक्षांश घेतला तर साधारण ३,००० किमी. त्याला पायनं (π, ३.१४) गुणलं तर ९,००० किमी. गुरूवरच्या पट्ट्यांची रुंदीही साधारण याच घरातली. कागदावर एवढ्या सरळ हिशेबातून ग्रहाचे पट्टे निघतात याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी लॅब उघडली तेव्हा पडद्यावर पट्टे होते. डगमगणारे, काही ठिकाणी तुटलेले, पण पट्टे. जोडीदारानं मोबाईलवर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. त्याच्या मामांनी विचारलं, ही साडी कितीला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज हिशेबाची वही. आप्पांची केळीची वही असते तशीच: आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या.

कॅसिनी यान शनीकडं जाताना डिसेंबर २००० मध्ये गुरूजवळून गेलं. त्याच्या चित्रांवर कॉलेट सॅलिक, इंगरसोल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच मोजणी आपोआप चालणाऱ्या पद्धतीनं केली, म्हणजे आक्षेपाला उत्तर म्हणूनच. त्यांना भोवऱ्यांकडून वाऱ्याला मिळणारी ऊर्जा किलोमागे ०.००००७ ते ०.०००१२ वॅट इतकी आली. आमचा आकडा याच प्रमाणातला आहे, पण आमची अनिश्चितता इतकी, की 'जुळला' म्हणायची हिंमत नाही. 'विसंगत नाही' असं लिहिलंय.

आता आवक. हे देणंघेणं वरच्या अडीच बार दाबाच्या थरात होतं असं धरलं, तर दर चौरस मीटरवर दहा हजार किलो वायू येतो. म्हणजे चौरस मीटरला ०.७ ते १.२ वॅट. गुरू अवकाशात टाकतो ती उष्णता चौरस मीटरला १४ वॅटच्या आसपास. म्हणजे शंभरातले पाच ते साडेआठ या वाऱ्याच्या खात्यात. पृथ्वीवर हाच वाटा हजारातला एक! ऊन सत्तावीस पट कमी असलेल्या ग्रहावर वारे इतके जोरकस का, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

आता खरी अडचण. सरासरी ४० मी/से नं वाहणाऱ्या एक किलो वायूत गतीची ऊर्जा ८०० ज्यूल. आवक सेकंदाला ०.०००१. भागाकार ८० लाख सेकंद, म्हणजे ९३ दिवस. हरभऱ्याचं पीक निघायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात गुरूच्या वाऱ्याची अख्खी पुंजी पुन्हा भरते. तर मग व्हॉयेजर ते कॅसिनी या एकवीस वर्षांत वारे कितीतरी पटीनं वाढायला हवे होते. आणि ते जवळजवळ होते तसेच आहेत.

आवक दिसते. जावक दिसत नाही.

आमच्या संगणकावरच्या पट्ट्यांतही हेच झालं होतं: घर्षण शून्य ठेवलं तर ऊर्जा साचत जाते आणि सगळं फुटतं, म्हणून आम्ही हातानं घर्षण घातलं होतं. गुरूला जमीन नाही. घर्षण करणार कोण?

१० फेब्रुवारी

मॅडमशी तासभर. जावकीचे काही मार्ग त्यांनी फळ्यावर मांडले. वर भोवरे जो धक्का देतात त्याला उत्तर-दक्षिण आणि वर-खाली चालणारं मंद अभिसरण तोलून धरतं, आणि हिशेब खोलवर उतरतो. जूनो यानानं मोजलेल्या अमोनियाच्या वाटपातून अशा अभिसरणाच्या खुणा २०२१ मध्ये मांडल्या गेल्या, प्रत्येक गोलार्धात आठ-आठ कक्ष. खाली किती? जूनोच्याच गुरुत्वमापनातून २०१८ मध्ये कळलं की पट्ट्यांचे वारे सुमारे ३,००० किमी खोल जातात. त्या खोलीवर हायड्रोजन वीज वाहू लागतो, मग चुंबकीय क्षेत्र वाऱ्याला धरतं. ती गुरूची जमीन समजा, असं मॅडम म्हणाल्या.

याचा दुसरा अर्थ मला बसमध्ये उमगला. वारे ३,००० किमी खोल आणि आमची मोजणी ढगांच्या वरच्या पापुद्र्याची. किलोमागचा दर खाली तसाच असेल असं धरलं तर आवक ग्रहाच्या एकूण उष्णतेच्याही पुढं जाईल, म्हणजे खाली तो तसा नसणारच. ९३ दिवस ही त्या वरच्या थराची गोष्ट. अहवालातलं ते वाक्य बदललं.

२ मार्च, रविवार

भोवऱ्यांना कोण देतं, हा भाग पटकन आवरला, कारण यात आमची मोजणी काहीच नाही. पाण्याचे ढग साधारण पाच बारच्या थरात; तिथली वाफ गोठते-निथळते तेव्हा उष्णता सुटते आणि गडगडाट वर उसळतो. आपल्याकडच्या मृगाच्या ढगासारखंच, फक्त माप अफाट. व्हॉयेजर १ नं १९७९ मध्ये गुरूवरच्या विजा पाहिल्या. गॅलिलिओ यानानं काढलेल्या रात्रीच्या चित्रांत विजा पुन्हा पुन्हा काळसर पट्ट्यांतच दिसल्या. असे उसळलेले ढग वर पसरतात, फिरू लागतात, ताणले जाऊन तिरके होतात आणि वाऱ्याला हिस्सा देऊन विरतात.

ध्रुवांकडं पट्टे नाहीत, चक्रांचे पुंजके आहेत: उत्तर ध्रुवावर एकाभोवती आठ. लिया सीगलमन या समुद्रशास्त्रज्ञ बाईंनी समुद्रातल्या भोवऱ्यांसाठीची पद्धत जूनोच्या अवरक्त चित्रांना लावली आणि २०२२ मध्ये दाखवलं, की तिथंही लहान गडगडाटांकडून मोठ्या चक्रांकडं ऊर्जा वर चढते.

एक गोष्ट मात्र सगळ्या कथेला टोचणी लावते. २००७ मध्ये २३-२४ अंश उत्तरेच्या सर्वांत वेगवान झोतात दोन प्रचंड उसळ्या आल्या. पट्ट्याचा रंगरूप बदलला, झोत मात्र जवळजवळ हललाच नाही. एवढा मोठा पाहुणा येऊन गेला आणि घरच्या हिशेबात फरक नाही. म्हणजे पोसणारे हे मोठे नव्हेत, रोजचे बारीक असावेत, असं मला वाटतं. जोडीदाराला वाटतं झोतच इतका खोल आहे की वरच्या उसळीनं तो हलणार कसा. त्याचं बहुधा जास्त बरोबर आहे.

१३ मार्च, गुरुवार. होळी

अहवाल बांधायला दिला. पहिल्या पानावर चौकट: पूर्व धन, उत्तर धन, ओळी खालून वर. लाल शाईत.

२२ मार्च, शनिवार. घरी

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी आलेख पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "चिन्ह तपासलंय?" मी तांबड्या डागाच्या बाणांचं चित्र पुढं केलं, चुकीचं आणि बरोबर, शेजारी शेजारी. ते त्यावरच दहा मिनिटं रमले. बाकीचं कुणी फारसं विचारलंच नाही.

संध्याकाळी आप्पा बांधावर वारा अडवायला लावलेली शेवरी नीट करत होते. जूनच्या तोंडावरच्या वावधनाची तयारी. त्यांना सांगितलं, गुरूवर लहान भोवरे मोठ्या वाऱ्याला पोसतात, आणि आवक भरपूर आहे, पण जावक पक्की सापडलेली नाही.

त्यांनी शेवरीची फांदी वाकवून बांधली, गाठ ओढून बघितली.

"वही दोनदा तपासी का?"

तपासली म्हटलं.

"मंग तिसरांदा तपास," म्हणाले आणि पुढच्या फांदीकडं गेले.